अक्कांच्या गावचा गोबरगॅस

उदगीरहून बीदरच्या बसमध्ये बसलो तेव्हा मी मोठ्या उत्साहात होतो. चुलींचा आणि पाण्याच्या डिझेल मोटारीचा धूर कमी करायचा असं आमच्या ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं. सीमेपलीकडच्या एका पंचायतीनं गावातल्या शेणावर गोबरगॅस चालवून अंगणवाडीची चूल पेटवली, असं ऐकलं होतं. ते बघून यायचं काम मी अंगावर घेतलं.

बीदरला गाडी बदलली. खिडकीबाहेर लाल माती आणि तुरीची शेतं. हळ्ळीखेडच्या पुढचा फाटा कानडी पाटी वाचता न आल्यानं चुकला, नि उन्हातून मागं चालत यावं लागलं.

महादेवीअक्का (अक्का म्हणजे थोरली बहीण) वाट बघत होत्या. त्या पंचायतीच्या माजी अध्यक्षा. गॅसची टाकी त्यांच्याच काळातली. भाकरी आणि पुंडीपल्ले (अंबाडीची भाजी) पोटभर खाऊ घालून त्यांनी मला अंगणवाडीत नेलं.

"चहा गॅसवरच करते," त्या म्हणाल्या. निळी ज्योत लागली, पण आधण यायच्या आतच विझली. कोपऱ्यात सिलिंडर होता. अक्कांनी पातेलं त्याच्या शेगडीवर ठेवलं.

"कामून विझला, अक्का?"

"शेण कुठंय? गाडं भरून यायचं पहिलं. आता समदे ट्रॅक्टरनं नांगरायलेत. बैल इकून टाकले. माझ्या दोन म्हशींचं मी आणून टाकते, तेवढंच. तुमच्याकडं बैल हायत न्हवं?"

"न्हाईत. आमच्याकडं पण ट्रॅक्टरच."

"मग टाकी बांधू नका," त्या म्हणाल्या. "पाण्याच्या मोटारीला सोलार बसवा. आमची चालायलीय बघा. तिला चारा लागत न्हाई."

परत आल्यावर बैठकीत मी तेच मांडलं. काही सदस्यांना टाकीच हवी होती. वाद झाला, पण सोलार मंजूर झालं. मोटार सुरू झाली त्या दिवशी अक्कांना फोन केला.

"लई चांगलं झालं बघा," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "म्हशी दिल्या मी. गुडघे साथ देईनात. टाकी बुजवायलेत आज. मुरूम टाकायलेत."

आमची मोटार उन्हावर चालते, त्याचं समाधान आहेच. पण बैल बाजाराला निघाले तेव्हा शेणाची आठवण कुणालाच झाली नाही. ना त्यांच्या गावात, ना माझ्या. एकट्या अक्का शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जात राहिल्या. फोनवर त्यांना धीर द्यायला हवा होता. मी आमच्या मोटारीचंच सांगत राहिलो.