आईच्या फाइलमधली मोकळी जागा

अमरावतीत घरी बसून मी एका सॉफ्टवेअर लायब्ररीवर, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल अशा तयार कोडवर, काम करतो. लिहिलेल्या मजकुराची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवणं, हे तिचं काम. मजकूर संगणकात आकड्यांत साठतो आणि कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ज्याने त्याने आपापल्या काळी ठरवलेलं. मध्यंतरी ती लायब्ररी बनवणाऱ्या आमच्या गटात ठरत आलं, की जे आत येईल ते युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य आकड्यांत, बदलूनच ठेवायचं. जे बदलणार नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळं व्हायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं.

कारण अकोल्याला वडिलांची एक फाइल होती. वडिलांनी जन्मभर वकिली केली. आई गेल्यावर तिचं बोलणं, वलगावच्या माहेरच्या गोष्टी, अकोल्याच्या उन्हाला तिने दिलेल्या शिव्या, असं सगळं त्यांनी एका जुन्या, स्वतःचेच वेगळे आकडे असलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आता त्यांना दिसत नाही. त्यांचा संगणकही मरायला टेकलेला, डिस्कचा एक भाग तर आधीच गेलेला. त्या फाइलची एक प्रत मी नव्या पद्धतीने ठेवून पाहिली. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. सगळ्या अक्षरांचं एकच चिन्ह झालं, की त्यातून मूळ अक्षर पुन्हा काढता येत नाही. मला रडूही आलं आणि रागही.

अकोल्याला गेलो, तेव्हा वडिलांपुढे हीच कटकट केली. त्यांनी ऐकून घेतलं.

"कोर्टात फाटक्या कागदाची नक्कल काढाची असली, तर नक्कलवाला तिथं लिहिते, 'येथे कागद फाटलेला'. अंदाजानं भरत नाही, अन् उरलेला कागद फेकतबी नाही. तुमी काहून फेकून राहिले?"

परत येऊन मी गटात तेच मांडलं. आलेले आकडे जसेच्या तसे ठेवा, अक्षरं फक्त दाखवताना करा, आणि जे लागत नाही तिथे लागत नाही म्हणून सांगा. भांडलो, चार जणांत वाईट झालो, पण शेवटी ते मान्य झालं.

पुढच्या खेपेला मूळ फाइलच्या आकड्यांवरून अक्षरं लावून ती मी वडिलांना वाचून दाखवली. उन्हाच्या शिव्या आल्या तेव्हा ते हसले. मग माहेरहून आई पहिल्यांदा परत आली, तो प्रसंग लागला. दारात उभी राहून ती वडिलांना काहीतरी म्हणते, आणि तिथेच मी थांबलो.

"इथलं वाचता येत नाही, बाबा. डिस्क इथेच गेली होती. ती काय म्हणाली ते सांगा, मी भरतो."

वडिलांनी मान दाराकडे वळवली.

"राहू दे ते जागा तशीच," ते म्हणाले. "मलेबी नाही आठवत."