कडूबाचे पट्टे

बद्रीनाथची मोटर विहिरीत पडली ती माझ्या पायजम्यामुळं. खरं तर पायजमाही बद्रीनाथचाच. भाचीच्या लग्नाला आम्ही आदल्या दिवशी केदारखेड्याला पोचलो. शेतात जायचं तर पँट कशाला खराब करता, म्हणून मेव्हण्यानं आपला पायजमा दिला. बद्रीनाथच्या कमरेत दोन मी मावतो. विहिरीवर दुरुस्त होऊन आलेली मोटर दोरानं खाली सोडणं चाललं होतं. जावयानं नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून मीही दोराला हात लावला. बद्रीनाथ पाइप घ्यायला वळला, दोर एकट्या माझ्याकडं आला आणि नेमका त्याच वेळी नाडा सुटला. दोन्ही हात जिकडं जायला पाहिजेत तिकडं गेले. मोटर दोरासकट तळाला.

उद्या दुपारी धावड्याहून वऱ्हाड येणार. मंडपातली टिपाडं कोरडी, आचारी पाण्यासाठी खोळंबलेले. बद्रीनाथ मला काही बोलला नाही. जावयाला कोण बोलणार? बेबीनंदा, म्हणजे आमचं कुटुंब, तेवढी बोलली. ते इथं लिहीत नाही. लोखंडी गळ टाकून झाले, मोटर काही लागेना. शेवटी कडूबाला निरोप गेला.

कडूबा म्हणजे पंचक्रोशीच्या विहिरींचा माणूस. बादली, घागर, पाइप, शेळी, काय पडेल ते काढतो. अंगानं तुरीची काडी. पाण्याबाहेर दहा पावलं चालला तर धापा टाकतो आणि पाण्यात गेला की वर यायचं नाव घेत नाही. कुणाचं माणूस पडलं तर अंगातल्या सदऱ्यासकट उडी घेतो, हे मी ऐकून होतो. त्यामुळं आता येईल, उडी मारील, दोर बांधील, मी सुटलो, असा माझा हिशेब.

कडूबा बैलगाडीतून आला. सोबत बायको गोजरबाई आणि पोत्यात गुंडाळलेलं एक धूड. शहरातली काही हौशी मंडळी मागं तलावावर बुड्या शिकायला आली होती. त्यांचं एक यंत्र गाळात रुतलं, ते कडूबानं काढून दिलं आणि बदल्यात त्यांनी आपला एक जुना संच त्याला दिला. पाठीवरचा हवेचा लोखंडी सिलिंडर, त्याला नळी, किती हवा उरली ते दाखवणारं एक काट्याचं घड्याळ आणि पट्टेच पट्टे.

"दाजी, जल्दी करू नका," मी तोंड उघडायच्या आत कडूबा म्हणाला. "पट्टा काचला की खाली ध्यान लागत न्हाई."

आणि पट्टे सुरू झाले. संच कुण्या पैलवानाच्या मापाचा असावा. खांद्यावरचे पट्टे आवळले तर काखेत रुतायचे, सैल सोडले तर सिलिंडर ढुंगणावर आपटायचा. गोजरबाईनं सुई-दोरा काढून खांद्याच्या जागी गोधडीचे तुकडे शिवले. कडूबानं ते घालून बांधावर एक फेरी मारली, खाली बसला, उठला, वाकला.

"डावा खांदा बराबर न्हाई."

गोजरबाईनं टाके उसवले. "लग्नातल्या कोटाला एवढं माप न्हाई घेतलं ह्यानं," ती मला म्हणाली.

"कोट घालून कुठं बुडायचं होतं?"

"बुडालोच की दोघं."

मग कमरेचं बक्कल पोटात टोचायला लागलं. ते सरकवलं. मग दोन्ही मांड्यांमधून घ्यायचा एक पट्टा निघाला, तर विहिरीवर बायका आहेत म्हणून तो घालायला कडूबा तयार होईना. बायकांना घरी धाडलं. मंडपातून माणूस आला, आचारी चूल विझवून बसलेत म्हणाला. कडूबानं हळद-तूप मागवलं.

"कशाला?" बद्रीनाथनं विचारलं.

"पोळ्याला बैलाची खांदेमळणी करता ना? मंग? ह्यो काय जुवापेक्षा हलका हाये?"

लग्नघरचं तूप आलं. गोजरबाईनं खांदे मळले. तुपानं पट्टे घसरायला लागले, म्हणून परत पुसले. मला विहिरीत उडी मारावीशी वाटत होती, पण पोहता येत नाही.

"आता घाल एकदाचं," मी म्हणालो.

"असं जमिनीवरून उचलून न्हाई जमत, पट्टा फिरतो." त्यानं सिलिंडर बाभळीच्या फांदीला टांगायला लावला. वर झाला, खाली घ्या. खाली झाला, वर घ्या. अखेर खांद्याच्या उंचीला आला तेव्हा कडूबा त्याच्याकडं पाठ करून उभा राहिला, दोन्ही हात मागं घातले आणि शहाणा बैल जुवाखाली येतो तसा अलगद आत शिरला. लोंबणारी नळी त्यानं सुतळीनं कडेला बांधून टाकली.

"अरे, नळी तोंडात धरायची असते ना?"

"ते ऱ्हाऊ द्या."

"कडूबा, दिवस मावळायला आला."

"दाजी, खाली दोन्ही हात मोकळे लागतेत. एका हातानं पट्टा सावरला तर काय होतं ते तुम्हाला ठावं हाये." सगळ्यांनी माझ्या पायजम्याकडं बघितलं.

गोजरबाईनं दोराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि कडूबा गेला. पाण्यावर बुडबुडासुद्धा नाही. मेव्हणा देवाचं नाव घ्यायला लागला. मी नाडा घट्ट धरून उभा. मग दोराला हिसका बसला, कडूबाचं डोकं वर आलं, आणि सगळ्यांनी ओढल्यावर मोटर वर आली. मला दोराला हात लावू दिला नाही.

मोटर नीट बसली, टिपाडांकडं पाणी निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला. कडूबा पट्टे सोडत होता तेव्हा माझी नजर त्या घड्याळावर गेली. काटा शून्यावर.

"थोडक्यात वाचलास. हवा संपली की."

"आज न्हाई संपली. दोन दिवाळ्या झाल्या. इकडं कोण भरून देतं?"

"मग हे धूड पाठीवर घेतलं कशाला?"

"वजनाला. त्याच्याबिगर तळाला जल्दी जाता येत न्हाई."

सबंध दुपार माझ्या डोळ्यांपुढून गेली. गोधडी, तूप, बाभूळ, सगळं. "अरे भल्या माणसा, वजनच पाहिजे होतं तर एक दगड घ्यायचा!"

कडूबानं पट्ट्यांची नीट घडी घातली.

"दगडाला पट्टे नसतेत, दाजी."