कुस्तोदियोची पन्नास पावलं

कुस्तोदियोच्या शिट्टीला खाडीवर सगळे घाबरत, पक्षी सोडून. अभयारण्याचा राखणदार म्हणून त्याची तीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात त्याने गावाच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवायचा प्रयत्न केला होता: मे-जूनमध्ये घरट्यापासून पन्नास पावलं लांब. पावलं त्याची स्वतःची, म्हणजे ढांगाच. लिस्बनहून दुर्बिणी घेऊन येणारे पाहुणे नियम निमूट पाळत. गावकरी मान डोलावत आणि त्याची पाठ फिरली की बादल्या घेऊन चिखलात उतरत.

सगळ्यात जास्त शिट्ट्या खाल्ल्या त्या बेल्शियोरने. तो खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढून विकणारा. खाडीतला सगळ्यात चांगला वाळूचा दांडा बापजाद्यांपासून त्याच्याकडे, आणि सुरय पक्ष्यांना अंडी घालायला नेमका तोच आवडायचा. सलग चार उन्हाळे कुस्तोदियोने त्याला तिथून हुसकावलं.

"अंडं बोराएवढं आणि थाट बिशपचा!" बेल्शियोर कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणायचा.

अशात बेल्शियोरच्या तेल्मोचं आणि कुस्तोदियोच्या नेलियाचं जमलं. आता आली का पंचाईत! दोघे व्याही होणार.

लग्न जूनच्या पहिल्या शनिवारी ठरलं. जेवण कुस्तोदियोच्याच अंगणात होणार होतं, कारण नेलियाच्या आईची तशी इच्छा होती आणि ती जाण्यापूर्वी त्याने तिला शब्द दिला होता. पण अंगण मातीचं. पाहुण्याबायकांच्या टाचा रुतू नयेत म्हणून त्याने तिसऱ्यांच्या शिंपा पसरायचं ठरवलं. बेल्शियोरने मोठ्या मनाने आठ पोती पाठवली. कुस्तोदियोने त्या ठेचून, धुऊन, दंताळ्याने सारख्या केल्या. अंगण पांढरंशुभ्र झालं. शेजारणी येऊन बघून गेल्या, तेव्हा गडी छाती काढून उभा होता.

मग तो दोन दिवस पक्ष्यांच्या मोजणीसाठी खाडीपलीकडे गेला. परत येऊन बघतो तर अंगणात मधोमध, जिथे नवरा-नवरीचं टेबल मांडायचं होतं तिथेच, सुरयाची दोन अंडी! खाडीकाठी पांढऱ्या शिंपांची मोकळी जागा दिसली की सुरय काय करतो, हे शाळेतल्या पोरांना तीस वर्षं शिकवणारा हाच माणूस.

"बाबा, अलगद उचलून कुंपणाबाहेर ठेवू या ना," नेलिया रडवेली होऊन म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

कुस्तोदियोने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मग घरात जाऊन सूप वाढायचा डाव घेऊन आला. लाज वाटत होती, पण बायकोला दिलेला शब्दही होताच. तो वाकला, तेवढ्यात सुरयाची मादी किंचाळत आली आणि त्याच्या सरकारी टोपीवर नेम धरून शिटली.

"बरोबर आहे, बाई, तुझं," तो म्हणाला, आणि डाव ठेवून दोरी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी बेल्शियोर टेबलांची मापं घ्यायला आला. दोरी बघितली, अंडी बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर नाताळ उजाडला.

"ही दोरी कितव्या पावलावर बांधलीय, व्याहीबुवा?"

"पंधराव्या," कुस्तोदियो पुटपुटला. "वस्तीतले पक्षी सरावतात माणसांना."

"आणि माझ्या दांड्यावरचे? ते काय राजघराण्यातले होते?"

बेल्शियोरने कुस्तोदियोसारख्याच ढांगा टाकत मोजायला सुरुवात केली. तोवर कुंपणाला अर्धं गाव लटकलं होतं आणि आकडे सगळे मिळून ओरडत होते. पन्नासावं पाऊल कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलं.

"म्हणजे ओटी आत. स्वयंपाकघर आत. तुमचं अंथरूणसुद्धा आत, व्याहीबुवा!"

गावाला वाटलं, आता हा हसण्यावारी नेईल. पण कुस्तोदियोने दोरी पन्नासाव्या पावलावर नेऊन बांधली, गादी गुंडाळली, कोंबड्या शेजारी दिल्या, नेलियाला मावशीकडे पाठवलं आणि स्वतः पक्षी बघायच्या लाकडी खोपीत राहायला गेला. पुढचे अठरा दिवस लांबून आलेले पक्षीप्रेमी दुर्बिणीतून रोहित पक्षी शोधत आणि त्यांना आधी वाळत घातलेली त्याची चड्डी दिसे.

बेल्शियोर रोज सकाळी हजेरी लावायचा, व्याह्याला दोरीच्या आत रंगेहाथ पकडायला.

"नीट दिसायला हवं ना तुला? ही घे," म्हणून कुस्तोदियोने वैतागून आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात घातली. बेल्शियोरला व्याही काही दिसला नाही. दिसला तो चोचीत मासा धरून अंड्यांवर बसलेल्या बायकोला भरवणारा सुरय. दुसऱ्या दिवसापासून बेल्शियोर तासभर आधी यायला लागला. म्हणे, मांजरांचा भरवसा नाही.

लग्नाच्या दिवशी मावशी अडून बसली: नवरी बापाच्याच घरातून निघाली पाहिजे. बापाचं घर सध्या खोपी. म्हणून नेलिया पांढरा झगा सावरत खोपीतून बाहेर पडली, आणि दुर्बिणी लावून बसलेल्या सहा परदेशी पाहुण्यांनी शेकाट्या पक्ष्याला सोडून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. जेवण बेल्शियोरच्या होड्यांच्या छपरात झालं. तारल्या भाजल्या, वाइन वाहिली, सगळं झालं. पण आपल्या अंगणात नाही झालं, हे कुस्तोदियोला घास घास टोचत होतं. बायकोची क्षमा मागायची ती तिच्या अंगणासमोर, असं मनाशी म्हणत तो हळूच उठला.

दोरीपाशी काळा सूट घातलेला, हातात तारल्यांची ताटली धरलेला बेल्शियोर उभा होता. तो नाचगाणं सोडून इथे काय करत होता कोण जाणे. कुस्तोदियो दोरीखालून पुढे वाकला.

"मागं हो!" बेल्शियोर खेकसला.

"अरे, माझंच घर आहे ते!"

"एक पिल्लू सकाळी बाहेर आलंय, दुसरं आता येतंय. तुझा बूट सत्तेचाळिसाव्या पावलावर आहे. मागं हो म्हणतो ना!"

कुस्तोदियो मुकाट्याने तीन पावलं मागे सरला. त्याचे डोळे भरून आले. तीस वर्षं या खाडीवर तो एकटा ओरडत आला होता.

"मघाशी फादर आले होते आत घुसायला," बेल्शियोर घसा खाकरत म्हणाला. "ओरडून ओरडून आवाज बसलाय माझा. शिट्टी आणलीयस का?"

कुस्तोदियोने ती गळ्यातून काढून दिली. बेल्शियोरने सुटाच्या बाहीने पुसली आणि पहिली त्याच्यावरच वाजवली, कारण कुस्तोदियोचा उजवा पाय पुन्हा पुढे आला होता.