वहिनीचं कोपर

महारोगावरच्या कडू कवठीच्या तेलाचा वास आला की ते दिवस आठवतात. त्या रोगानं वडिलांच्या हातापायांच्या नसा बधिर झाल्या, बोटांना सूत कळेना, आणि सोलापुरातला आमचा माग बंद पडला. घराण्यातला पहिला बी.ए. मी; एकदा त्यांचे पाय शेकायचं पाणी मीच काढलं. वडिलांनी पायाचा अंगठा बुडवून सांगितलं, "गारच हाय की." एवढ्यात अडाणी वहिनीनं पाण्यात कोपर घातलं आणि घंगाळ मागं ओढलं. "भावजी, बधिर पायाला काय इचारता? सोलून निघाला असता की!" त्या दिवसापासून वडील पाय तिच्याचपुढं करू लागले, आणि माझा नुसता जळफळाट झाला. त्या तेलाच्या सुया टोचून घ्यायला दवाखान्यात मी नेई. पण न दुखणाऱ्या जखमा शोधत रोज तळवे तपासायची ती. आज कबूल करतो: बोटांत जाणीव परतली नाही, पण वडिलांचं एकही बोट झडलं नाही, ते तिच्यामुळे.