टीव्हीचं तोंड भिंतीकडे

बँकेत, पोलीस स्टेशनात, अगदी कलेक्टर ऑफिसातही माणूस चपला घालून जाऊ शकतो. बेलापूरच्या आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा इथले नियम एकदा विचारून लिहून घ्यावेत असा माझा विचार होता, पण जाऊबाईंचे नियम सांगितले जात नसत, मोडल्यावर कळत. गॅसची नळी तपासायला आलेल्या माणसाला त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढायला लावले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, त्यामुळे तो बिचारा अवघडून उभा राहिला. "अंगठा चालतो, बूट चालत न्हाई," असं म्हणून त्यांनी त्याला आत घेतलं आणि जाताना चहा पाजला. दुसरा नियम, स्वयंपाकघरात रडायचं नाही. अन्न शिजत असताना तिथं कुणी डोळ्यांतून पाणी काढलं तर ते अन्नात उतरतं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून कांदासुद्धा मागच्या दारी पायरीवर बसून चिरायचा. तिथं हवं तेवढं रडा, डोळे धुवा आणि मग कांदा घेऊन आत या. भांडणालाही हाच कायदा लागू होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत चकल्यांवरून आमचं दोघींचं वाजलं. मी बोलायला तोंड उघडताच त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला, माझा हात धरून मला मागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि पदर खोचून म्हणाल्या, "हं धाकटे, आता बोल." मी बोलले. त्याही बोलल्या, माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. मग दोघींनी हातपाय धुतले, आत आलो आणि उरलेल्या चकल्या तळल्या. चकल्या उत्तम झाल्या होत्या, हे मान्य करायला हवं.

पुढे सासूबाई गेल्या, आम्ही नोकरीसाठी नगरला आलो, पुतण्या पुण्याला गेला. बेलापूरच्या घरात जाऊबाई आणि थोरले दीर असे दोघंच राहिले. गेल्या वर्षी थोरले दीरही गेले, आणि जाऊबाईंचा नियम जाऊबाईंनाच आडवा आला. रडू आलं की स्वयंपाकघराबाहेर यायचं. पण आता रडू कधी येईल याचा नेम नव्हता. भाकरीचं पीठ मळायला घ्यावं, आणि हात तसेच पिठाचे ठेवून उठून मागच्या पायरीवर जाऊन बसावं, असं रोज होऊ लागलं. तवा आत तापून तापून काळा व्हायचा. नियमात सूट घेणं त्यांच्या स्वभावात नाही. मग त्यांनी स्वयंपाकघरात जाणंच कमी केलं. सकाळी एकदा आत शिरायचं, एक भाकरी थापायची, ओट्याशी उभ्यानं चार घास पोटात ढकलायचे आणि डोळे भरायच्या आत बाहेर पडायचं. मी दर भेटीत पाहत होते, ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल होत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना औषधाची गरज नाही, जेवणाची आहे. पुतण्या म्हणाला, "आई, पुण्याला चल." त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "तुझं स्वयंपाकघर हॉलमधीच हाय. लोक बूट घालून त्याच्यात उभे ऱ्हात्यात." तो विषय तिथं संपला.

मग पुतण्यानेच मला फोन करून सुचवलं. "काकू, तिच्या स्वयंपाकघरात छोटा टीव्ही लावला तर? कुणाचा आवाज असला की थांबेल ती आत." मला ते पटलं आणि काम मी अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातला टीव्ही ही बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीपेक्षा वेगळी वस्तू आहे, आणि दुकानात शिरण्याआधी काही गोष्टी ठरवलेल्या बऱ्या. पडदा लहान हवा, कारण बघणारा हातभर अंतरावर असतो. गॅसच्या आसपास नको, फोडणीचं तेल उडतं, नळापासूनही लांब. खिडकीचा उजेड पडद्यावर पडता कामा नये. आणि आवाज दुकानातच मोठा करून ऐकावा, कारण लहान टीव्हीतून तो बहुतेक वेळा मागच्या बाजूनं निघतो आणि भिंतीत जातो. कुकरपुढे त्याचं काही चालत नाही. एवढी तयारी करून मी जाऊबाईंना घेऊन श्रीरामपूरच्या एका दुकानात गेले. दुकानदार हसतमुख होता. त्यानं चित्र किती स्वच्छ आहे हे दाखवायला एक मालिका लावली. त्यातली सून उंच टाचांच्या सँडल घालून थेट देवघरापर्यंत आली आणि हुंदके द्यायला लागली. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"ही माझ्या स्वयंपाकघरात येनार?"

"मावशी, ती पडद्यात आहे," दुकानदार म्हणाला. "बाहेर नाही येत."

"आन् पडदा कुटं असनार हाय?"

"तुमच्या स्वयंपाकघरात."

"मग?"

दुकानदारानं रिमोट उचलला. "मावशी, चॅनेल बदलता येतं की. हे बटण दाबलं की गेली."

"तवर ती आत शिरलेली असती. ह्याचं तोंड फिरतं का ते सांग."

त्यानं आतून भिंतीवर बसवायचा एक स्टँड आणला, पुढे ओढता येणारा आणि दोन्ही अंगांनी वळणारा. त्यावर लावलेला टीव्ही पुरता भिंतीकडे वळतो का, हे जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं वळवून पाहिलं, पुन्हा सरळ केला, पुन्हा वळवला. "ह्यो घे," त्या मला म्हणाल्या. चित्र, आवाज, वजन यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही, आणि फिरत्या स्टँडचा विचार माझ्या यादीत कुठेच नव्हता.

टीव्ही लागला, आणि त्यातल्या कुणाला आत घ्यायचं याचा निवाडा सुरू झाला. क्रिकेट खेळणाऱ्यांना बुटांसकट परवानगी मिळाली, कारण मैदान हे अंगण आहे. बातम्या देणाऱ्या बाईंचे पाय टेबलाखाली असतात. "टेबलाखाली काय हाय ते आपन कशाला वाकून बघायचं," असं म्हणून त्यांनाही सोडलं. चर्चेत चौघं एकदम ओरडायला लागले की मात्र टीव्हीचं तोंड भिंतीकडे. मालिकांतल्या बायका दिवसाकाठी इतक्या रडत की तो बिचारा अर्धा वेळ भिंतीकडेच तोंड करून असे. आवाज मात्र चालू. मी विचारलं, "अहो, मग हे रडणं ऐकू येतंच की." त्या म्हणाल्या, "शेजारच्या घरातलं रडनं ऐकू येतंच. त्येला कोन काय करनार?" सगळ्यांत लाडका होता बाजारभाव सांगणारा माणूस. कांदा पडला की जाऊबाई त्याला समजुतीनं म्हणत, "तू तरी काय करनार, बाबा." त्या आता आत थांबू लागल्या होत्या, भाजीला फोडणी देऊ लागल्या होत्या. पण जेवण उभ्यानंच, ओट्याशी, ताट हातात घेऊन. त्यावर मला काही उपाय सुचत नव्हता.

अशाच एका दुपारी मी तिथं होते. रोज दुपारी एक तरुण मुलगी पदार्थ करून दाखवायची, तो कार्यक्रम लागला होता. ही मुलगी जाऊबाईंच्या सगळ्या परीक्षांत उतरली होती: पाय ओट्यामागे, चेहरा हसरा, आवाज खालचा. तिची फोडणी करपते यावर जाऊबाईंचा रोज अभिप्राय असे, पण तो घरच्या मुलीला द्यावा तसा. त्या दिवशी तिनं भरली वांगी केली, वाटीत काढली आणि तिथंच उभ्या उभ्या चमच्यानं खाल्ली.

"बघ, बघ," जाऊबाई म्हणाल्या. "रोज असंच करती. अगं बस की! उभ्यानं का खाती?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लई गुनाची पोर हाय. समद्यांसाठी रांधती, आन् हिला कुनी बस म्हनना. हिच्या घरात मानसं न्हाईत का गं?"

हे बोलताना त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डाव्या हातात ताट होतं. मी ताटाकडे पाहिलं. मी काही बोलले असते तर आम्हाला पुन्हा पाण्याच्या टाकीपाशी जावं लागलं असतं.

त्यानंतर पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. त्या फोनवर नमनाला वेळ घालवत नाहीत.

"धाकटे, भाऊजींना सांग, तो टीव्ही खाली घ्यायचा हाय."

मला जरा राग आला. "अहो, तुम्हाला ओट्याशी उभं करून, तुमच्या डोळ्यांची रेषा धरून मी तो लावून घेतलाय. आणखी खाली घेतला तर वाकून बघावं लागेल तुम्हाला."

"उभी असताना बराबर दिसतोय गं. बसल्यावर मान मोडती."

"बसता कशाला पण..." असं म्हणता म्हणता मी थांबले. पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "त्या पोरीला रोज बस बस म्हनायचं, आन् आपन उभं ऱ्हायाचं, बरं दिसत न्हाई ते." आणि फोन ठेवून दिला.

रविवारी आम्ही वायरमनला घेऊन गेलो. त्यानं न सांगता बूट काढले, गावातलाच होता. टीव्ही कमरेइतका खाली आला, वर भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं राहिली. बुजवून घेऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, असू दे. मग ह्यांना आणि वायरमनला बाहेरच्या खोलीत वाढून झाल्यावर आम्ही दोघी आत बसलो. घर भरलेलं होतं तेव्हा बायकांची पंगत शेवटी, टीव्हीच्या समोरच्या याच भिंतीला टेकून बसायची. जाऊबाई गॅसशेजारी, म्हणजे चटकन उठून वाढता यावं. मग सासूबाई, मग मी. आम्ही आपापल्या जागी बसलो तेव्हा मधली जागा मोकळी राहिली. तशी सोडायचं आमचं काही ठरलं नव्हतं.

टीव्हीवर त्या मुलीनं पातेलं उतरवलं, वाटीत आमटी काढली आणि उभ्यानंच वाटी तोंडाला लावली. मी जाऊबाईंकडे पाहिलं. आता त्या तिला बोलणार. पण त्यांच्या तोंडात घास होता.