विहीणबाईंचे दोन

गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला डॉक्टरांची भीती नव्हती, विहीणबाईंची होती. सुनेची नोकरी, मुलाची वाळूजला शिफ्ट, म्हणून दवाखान्यात माझ्याजवळ बसायला पिशोरहून सुनेची आई आली. लग्नात मानाच्या साडीवरून आमचं बिनसलेलं, ते अजून गोड बोलून चालूच होतं. मागच्या साली याच दवाखान्यात त्यांचा गुडघा बदलला, तेव्हा सोबतीला मी होते. सिस्टर विचारायची, "मावशी, दहापैकी किती दुखतंय?" आणि ही बाई माझ्याकडं बघत, पदर सारखा करत म्हणायची, "दोन." माझा नुसता जळफळाट.

आता माझी पाळी होती. पहिल्या दिवशी सलाईनमधून औषध चालू होतं, मी खुशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फाईल घेऊन आली तेव्हा गुडघ्यात कुणी ठेचा कुटतंय असं झालेलं. विहीणबाई शेजारी संत्रं सोलत होत्या. मी म्हणाले, "दोन." खरं तर दीड सांगायचं मनात आलं होतं, पण सिस्टर अर्धा लिहून घेईल का, ते माहीत नव्हतं.

सिस्टर लिहील तो आकडा बघून डॉक्टर औषध ठरवायचे. दर वेळी दोनच दिसल्यावर त्यांनी इंजेक्शन बंद केलं आणि तीन वेळच्या गोळीपुढं 'मागितली तरच' असं लिहिलं. आता मागणार कुठल्या तोंडानं? दात-ओठ खात पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी व्यायाम घेणारी मुलगी आली. तिनं पाय वाकवायला घेतला आणि मी पलंगाचा गज धरला. पाय काही वाकेना. डॉक्टर आले, फाईल बघितली, मग मला बघितलं.

"काकू, दुखत नाही म्हणता, मग वाकत का नाही? गोळी देतो ती हा व्यायाम व्हावा म्हणून. आता वाकला नाही तर सांधा आखडेल, मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. संध्याकाळी येऊन बघतो."

ते गेले आणि मला रडूच आलं. पुन्हा भूल, पुन्हा ते थिएटर. लई घाबरले मी.

विहीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "खरं सांगा, किती दुखतंय?"

"दोन."

"मी बी दोनच सांगायची," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही खाली डबा आणायला गेल्या की सिस्टरला बोलवून आठ सांगायची. गोळी घ्यायची. तुम्ही येईस्तोवर बरं वाटायचं."

ज्या दोनपायी माझा जीव चालला होता, तो दोन खोटा होता.

"लई लबाड हो तुम्ही."

"व्हय," म्हणाल्या आणि थर्मास उचलला. "मी चहा आणायला जाते. अर्धा घंटा तरी लागंल." जाता जाता सिस्टरला माझ्याकडं पाठवलं.

सिस्टरला मी नऊ सांगितले. तिनं गोळी दिली, डॉक्टरांना फोन केला, तीन वेळची गोळी पुन्हा चालू झाली. संध्याकाळी डॉक्टरांसमोर गुडघा वाकला, दुखला पण वाकला. ते गेल्यावर विहीणबाईंनी चहा ओतता ओतता हळूच विचारलं, "किती सांगितले?"

"सात," मी म्हणाले.