दहा पावलं मागे

तळ्याकाठच्या गेस्टहाउसमागे मी टॉवेल वाळत घालत होते, तेव्हा ते भांडण कानावर आलं. मुद्दाम नाही ऐकलं. पण टॉवेल झटकायचं थांबवलं, हे खरं.

"तू खालच्या पायवाटेने आलास," आमचे भाऊजी म्हणत होते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सुतारकाम करतात. डोंगरावरच्या शर्यतीचं ते पहिलंच वर्ष. शिखर चढायचं आणि पलीकडून उतरून तळ्याशी पोचायचं. "शिखरावर मी एकटा पुढे होतो. तू मला ओलांडलंसच नाहीस, मग माझ्याआधी पोचलास कसा?"

गेस्टहाउसवाल्याचा मुलगा हसला. "कोणी बघितलं? तू मागे होतास ना? मग मागेच राहा."

चषक त्याला मिळाला. बाप गेल्यावर गेस्टहाउसही मिळालं, तो आमचा मालक झाला. चषक जेवणघरातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसला आणि दर आठवड्याला तो पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी नेमाने पुसला. फडकं तेवढं फरशीचं वापरलं.

भाऊजी पुन्हा धावले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी वाट आखायचं काम मागून घेतलं. आदल्या दिवशी झाडाझुडपांना लाल फिती बांधायच्या, आणि शर्यतीत सगळ्यांच्या मागून, न थांबता ठरलेल्या चालीने चालत त्या सोडून आणायच्या. यात एक नियम असतो. फिती सोडणाऱ्याने ज्याला ओलांडलं तो बाद. त्याने छातीवरचा नंबर काढून मुकाट्याने याच्या हातात द्यायचा. लोकांनी भाऊजींचं नाव 'शेपूट' पाडलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. लाकूड सुकायला वेळ लागतो, हे सुताराला कोणी शिकवावं लागत नाही.

तीस वर्षं गेली. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, तो आता खुर्चीतून उठतानाही कण्हतो. कशाला धावेल?"

"धावेल, वहिनी. त्याला टाळ्या आवडतात."

आणि गेल्या वर्षी 'पहिला विजेता' म्हणून मालक खरंच शर्यतीत उतरला. पाहुण्यांना तळ्याकाठी खुर्च्या मांडून दिल्या. पाण्यात पाय सोडून निवांत बसा, मी आलो की टाळ्या वाजवा! चषकही बाहेर आणून टेबलावर ठेवला.

पहिल्या चढालाच त्याला धाप लागली. भाऊजींना तिथेच ओलांडता आलं असतं. पण मग तो बाद झालेल्यांना आणणाऱ्या जीपमध्ये बसून हसत खाली आला असता. म्हणून भाऊजी दहा पावलं मागे राहिले. फीत सोडायची, गुंडाळायची, खिशात घालायची. तो थांबला की हेही थांबायचे. नियमात बसतं का हे? नाही बसत. आम्ही कोणाला सांगितलेलं नाही.

"अरे, पुढे जा की एकदाचा," मालक वैतागला.

"नको. मागेच बरं आहे."

खालच्या पायवाटेच्या फाट्याशी मालक हळूच डावीकडे वळला. जित्याची खोड, दुसरं काय!

"मालक," मागून आवाज आला, "फीत उजवीकडे आहे."

अख्खं शिखर चढायला लावलं त्याला.

मी तळ्यावरून बघत होते, हातात टॉवेल होतेच. शेवटच्या उतारावर मालक दिसला, तोंड लालबुंद. टाळ्या सुरू झाल्या. त्याने हात वर केला. तेवढ्यात भाऊजींनी पावलं उचलली, त्याला ओलांडलं, वळले आणि हात पुढे केला.

"अरे, सगळे बघतायत! पन्नास पावलं राहिलीत. सोड ना."

"तेव्हा कोणी बघितलं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "आज बघू दे."

टाळ्या विरत गेल्या. मालकाच्या पिना निघेनात. भाऊजींनी मदत केली नाही. मी मनात म्हटलं, सावकाश काढ रे बाबा, आम्हाला घाई नाही. नातवंडांची तोंडं बघितलीत मी. पण ते तोंड बघताना जे सुख झालं, ते वेगळंच.

नंतर मी म्हटलं, "तो कागद मला द्या. कपाटात चषकाशेजारी लावते."

"नाही वहिनी. बाद झालेल्यांचे नंबर पंचांच्या टेबलावर जमा करायचे असतात."

वाटेत दमून बसलेल्यांचे धरून सात कागद होते, त्याचा मधेच कुठेतरी. भाऊजींनी ते देऊन सही केली. मग तळ्याकाठच्या झाडावरची शेवटची फीत सोडली, गुंडाळली, आणि दरवर्षीसारख्या सगळ्या फिती धुवायला माझ्या बादलीत आणून टाकल्या.

"यंदा चिखल फार आहे," म्हणाले.